दोन रेषा आणि आपण दोघं

मी बोलतेय म्हैसूरजवळच्या वरुणा गावातून. टी. नरसीपूरच्या रस्त्यावरचं इथलं मोठं तळं तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सांगलीहून इकडे आलो. आजचा विषय जरा खासगी आहे, पण आपल्याकडे तो दबक्या आवाजात बोलला जातो, म्हणूनच मोकळेपणी बोलूया. दिवस राहावेत म्हणून घरच्या घरी वापरायच्या स्त्रीबीज-चाचण्या.

आधी याच भागातली एक गोष्ट. म्हैसूर-बंगळूर रस्त्यावर रामनगर लागतं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने तिथे एक प्रयोग झाला. डॉ. अब्राहम स्टोन त्याचे सल्लागार होते. बायकांना रंगीत मण्यांची माळ दिली होती. रोज एक मणी सरकवायचा. हिरवा मणी म्हणजे सुरक्षित दिवस, लाल म्हणजे मूल राहण्याची शक्यता. उद्देश अर्थात मूल टाळण्याचा होता. पण काही जणी मणी उलटे सरकवायच्या, तर काहींना वाटायचं, माळ घरात आहे म्हणजे झालं! आपण हसतो, पण मीही तेच केलं. फक्त माझ्या हातात माळेऐवजी पट्टी होती.

आता ही पट्टी काय सांगते? स्त्रीबीज बाहेर पडण्याच्या साधारण 24 ते 36 तास आधी शरीरात एलएच नावाचं संप्रेरक एकदम वाढतं. ते लघवीत दिसतं. बाहेर पडलेलं स्त्रीबीज जेमतेम 12 ते 24 तास टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणजे महिन्यातले खरे कामाचे दिवस सहाच: स्त्रीबीज बाहेर पडण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच. महागडी डिजिटल यंत्रं एलएचच्या जोडीला इस्ट्रोजेनही मोजतात, त्यामुळे ती थोडी आधी सूचना देतात. थर्मामीटरने सकाळचं तापमान बघायची पद्धतही आहे, पण ते वाढतं स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर. गाडी सुटल्यावर फलाटावर पोचण्यासारखं!

वापरायची रीत सोपी आहे. तुमच्या सगळ्यात छोट्या पाळीचक्राचे दिवस मोजा आणि त्यातून 17 वजा करा. 28 दिवसांचं चक्र असेल तर अकराव्या दिवसापासून रोज ठरावीक वेळी तपासा. त्याआधी दोन तास भरपूर पाणी पिऊ नका. चाचणीची रेषा शेजारच्या रेषेइतकी किंवा तिच्याहून गडद आली, तरच होकार समजा. गरोदरपणाच्या चाचणीत फिकट रेषाही चालते, इथे नाही. पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच निकाल बघा. पीसीओएस असेल तर एलएच मुळातच जास्त असू शकतं आणि पट्टी फसवते.

मी अकरा महिने हे सगळं नेमाने केलं. रेषा दर महिन्याला छान गडद यायची. आणि दर महिन्याला पाळीही यायची. न्हाणीघरात एकटीने बसून रडले आहे मी. सांगलीहून सासूबाईंचा फोन आला की पहिला प्रश्न तोच. मोबाइलवरच्या खुणा बघून नवऱ्याला ऑफिसातून लवकर बोलवायचं, तो दमलेला, मी चिडलेली. आमच्यातला गोडवाच त्या पट्टीने पिऊन टाकला.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. मी अकरा महिन्यांची वही पुढे ठेवली. त्यांनी ती चाळली आणि विचारलं, "यांची तपासणी कधी केली?" आम्ही दोघंही गप्प. केलीच नव्हती! दोन ते सात दिवसांचा संयम आणि एक साधी वीर्यतपासणी, एवढंच तर होतं. दोष तिथे निघाला. आमचे उपचार अजून सुरू आहेत.

म्हणून सांगते, ती पट्टी फक्त एलएच वाढलं एवढंच सांगते. स्त्रीबीज खरंच बाहेर पडलं का, गर्भनलिका मोकळ्या आहेत का, शुक्राणू पुरेसे आहेत का, हे तिला कळत नाही. आपल्या देशात जननमार्गाच्या क्षयामुळेही नलिका बंद होतात, आणि तो क्षय अनेकदा कळतही नाही. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने प्रयत्न करा, मग डॉक्टरांकडे जा. पाळी अनियमित असेल तर त्याआधीच जा. आणि जाताना दोघं जा. फोलिक अॅसिडची गोळी मात्र डॉक्टरांना विचारून आत्ताच सुरू करा.

पट्टीचा ताण होत असेल तर ती खुशाल बाजूला ठेवा. पाळीनंतरच्या आठवड्यापासून दर एक-दोन दिवसांनी जवळ आलात तरी ते सहा दिवस सहसा चुकत नाहीत.

आणि ऐकणाऱ्या सासूबाईंनो, आईंनो, पुढच्या फोनवर फक्त "जेवलीस का गं?" एवढंच विचारा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.