माणदेशची वाट



सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत वाढलेल्या आणि आज पदवी घेणाऱ्या तुम्हां स्नातकांपुढे मला एका कादंबरीकाराकडे जाणाऱ्या वाटेविषयी बोलावयाचे आहे. कारण आवडत्या लेखकाची स्वाक्षरी जिवापाड जपणारे वाचक मी पुष्कळ पाहिले, परंतु त्याचे पुस्तक हाती धरून त्याच्या मुलखात पायी हिंडलेले वाचक विरळाच भेटतात.

हे कादंबरीकार व्यंकटेश माडगूळकर १९२७ साली माडगुळे या गावी जन्मले. ते गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. परंतु त्यांच्या बालपणी ते ज्या आटपाडी महालात होते, त्यावर औंध संस्थानचा अंमल होता आणि औंध आज सातारा जिल्ह्यात मोडते, तेव्हा तुम्हां सर्वांचाच या लेखकावर सारखा हक्क आहे. महाबळेश्वरी दोनशे इंचांहून अधिक बरसणारा पाऊस सह्याद्रीच्या पूर्वेस हात आखडत जातो आणि माडगूळकरांच्या मुलखात, म्हणजे माणदेशी, पोहोचेपर्यंत जेमतेम वीस इंचांवर येतो. त्यांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीची वाक्ये इतकी काटकसरी, आणि तरीही इतकी सजीव, का आहेत, याचे उत्तर मला समीक्षाग्रंथांपेक्षा त्याच मुलखातल्या दहिवडी-म्हसवडच्या रस्त्याने अधिक समाधानकारक दिले.

१९५५ साली ग्रंथरूपाने आलेल्या त्या लहानशा कादंबरीत एक कोवळा शिक्षक धनगरांच्या वाडीतील शाळेवर रुजू होतो, हळूहळू वाडीचाच होतो, सर्वांच्या श्रमांतून तेथे तालीम उभी राहते, आणि अखेर दुष्काळ पडून वस्तीच उठून जाते. निंबवड्याजवळची लेंगरेवाडी ही या कथेमागची वाडी मानली जाते, म्हणून वाचक तेथे जाऊन कादंबरीतल्या कारभाऱ्याचे घर कोणते म्हणून विचारतो. हा शोध मला निष्फळ वाटतो. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आज आटपाडीच्या माळावर पोहोचले आहे, तेथे डाळिंबाच्या बागा डोलत आहेत, आणि कादंबरीतला रखरखीत माळ पाहण्यास आलेला वाचक त्या हिरवाईपुढे क्षणभर खट्टू होतो. माझ्या मते लेखकाची खरी भेट तेथूनच सुरू होते. कारण त्या माळाची साक्ष एका माणसाने किती निर्लेप ममतेने नोंदवून ठेवली, हे तो माळ पालटल्यावरच पुरते उमगते.

सर्वच कादंबरीकारांकडे अशी वाट जात नाही, हेही सांगितले पाहिजे. वि. स. खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले. परंतु त्यांच्या कादंबरीतला ‘ययाति’ शोधण्यास तेथील कृष्णेच्या घाटावर जावे लागत नाही, आणि ज्या तमिळ वाचकांनी त्यांना भाषांतरांतून आपले मानले, त्यांपैकी बहुतेकांनी तो घाट कधी पाहिलाही नसेल. माडगूळकरांची गोष्ट निराळी. त्यांची माणसे मातीपासून सोडवून घेता येत नाहीत.

म्हणून नोकरीचा हुकूम हाती पडण्यापूर्वी थोडे दिवस काढा. साताऱ्याकडच्यांनी पुसेगाव-दहिवडीवरून, सांगलीकडच्यांनी विट्यावरून आटपाडी गाठावी, आदल्या रात्री ‘बनगरवाडी’ पुन्हा वाचलेली असावी, आणि एखादा वृद्ध धनगर भेटला तर पात्रांची चौकशी न करता, पाऊस दगा देई तेव्हा मेंढरे कोणत्या वाटेने आणि कोणत्या मुलखात नेत असत, एवढेच त्याला विचारावे.