भोरड्या मूळच्या कुठल्या?

पक्षिनिरीक्षण म्हटलं की गळ्यात दुर्बीण आणि हातात वही असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. माझं पक्षिनिरीक्षण मात्र गोफणीनं सुरू झालं.

आमचं रान मंगळवेढ्याकडचं. तिथली ज्वारी नावाजलेली, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. हुरड्याचे दिवस आले की भोरड्यांचे थवे उतरत. भोरडी साळुंकीएवढी, अंग गुलाबी, डोकं, पंख आणि शेपटी काळी. एकेका थव्यात शेकडो पाखरं. अब्बा मला अंधारातच राखणीच्या माळ्यावर चढवत. घरी आम्ही दखनी बोलत असलो, तरी रानात अब्बांची भाषा मराठी. पाखरांना तीच कळते, असं ते म्हणत. “चोर आले, ऊठ!” की गोफण सुटायची. थवा उठायचा आणि शेजारच्या रानात बसायचा. मग तिकडून आरोळी, आणि थवा परत आमच्याकडे. दिवसभर असा शेजारधर्म चाले.

ज्वारीची काढणी झाली की आमचं वैर संपे. फेब्रुवारी-मार्चात पळस, पांगारा, सावर फुलतात आणि याच भोरड्या मधासाठी त्या फुलांवर तुटून पडतात. पळस मैना हे त्यांचं दुसरं नाव त्यावरूनच पडलं. फुलात चोच घालताना कपाळाला पराग लागतो आणि झाडाचंही काम होऊन जातं. या दिवसांत त्या जास्तच देखण्या दिसतात. त्यासाठी त्यांना नवी पिसं येत नाहीत बरं का. जुन्याच पिसांची मळकट टोकं झिजतात आणि खालचा रंग उघडा पडतो. कवीला अशी गोष्ट फुकट मिळाली की तो सोडत नाही. मी सोडतो आहे.

संध्याकाळी तळ्याकाठच्या बाभळींवर त्या मुक्कामाला येतात. ते मात्र बघाच. धुराचा लोट वळावा तसा थवा वळतो, पसरतो, आणि वर ससाणा दिसला की मूठ आवळावी तसा घट्ट होतो. एप्रिलच्या मध्यापर्यंत बाभळी रिकाम्या होतात.

त्या कुठं जातात, हे मला बी.ए. करताना सलीम अलींच्या पुस्तकानं सांगितलं. मध्य आशियात! कझाकस्तानसारख्या गवताळ मुलखात, दगडांच्या ढिगांत त्या घरटी करतात आणि पिलांना टोळ-नाकतोडे भरवतात. पुढं वाचलं, की चीनच्या शिनजियांगमध्ये टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम दगड रचून घरं केली जातात. आमचा चोर तिकडं राखणदार! पिलं उडती झाली की त्या निघतात, आणि जुलै-ऑगस्टात पहिले थवे आपल्याकडं हजर. हिशेब करा: तिकडं जेमतेम तीन-चार महिने, इकडं आठ. तरी दर वर्षी वर्तमानपत्रांत मथळा येतो, ‘परदेशी पाहुणे आले.’

हा हिशेब मला उगीच सुचला नाही. एका कविसंमेलनात कविता वाचून खाली उतरलो, तर एक गृहस्थ कौतुकानं म्हणाले, “मराठी फार छान आहे हो तुमचं. मूळचे कुठले?”

“मंगळवेढ्याचा.”

“ते झालं. पण मूळचे?”

माणूस भला होता. चहासुद्धा त्यानंच पाजला. मी पुन्हा मंगळवेढाच सांगितलं. परतीच्या एस.टी.त मात्र मनात सारख्या भोरड्या येत राहिल्या.

अब्बा थकले होते तेव्हा एकदा त्यांना ही टोळांची आणि दगडांच्या घरांची हकीकत सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली. कझाकस्तान किती लांब, तेही विचारलं. मग म्हणाले, “एवढ्या लांब जाऊन कुणाचं तरी पीक राखतात. मग आपल्या चार कणसांची मजुरी समज.”

दुसऱ्या दिवशी पहाटे खुंटीवरची गोफण उतरायची ती उतरलीच.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)