माळ्यावरचा वेताळ



इंद्रजाल कॉमिक्सचे १२३ आणि १२४ क्रमांकाचे अंक कुणाकडेही नाहीत. नव्यानं संग्रह करू लागलेली मुलं हे दोन अंक शोधत राहतात. बेळगावात विचारतात, कोल्हापुरात विचारतात, पुण्याच्या फुटपाथवर विचारतात. शेवटी एखादा जुना जाणकार त्यांना सांगतो, "अरे, ते निघालेच नव्हते." त्या काळात संप झाला होता. संप मिटल्यावर पुढचे अंक पुढच्या क्रमांकानं निघाले आणि मधले दोन आकडे रिकामे राहिले ते कायमचे. मार्च १९६४ मध्ये सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये थांबली, तेव्हा सलग मोजलं तर क्रमांक ८०५ पर्यंत गेला होता आणि प्रत्यक्ष अंक होते ८०३.

ही मोजणी इंग्रजी अंकांची. इंग्रजी अंक जपणारे लोक देशभर आहेत, त्यांनी एकेका मुखपृष्ठाचं छायाचित्र लावून याद्या तयार केल्या आहेत. मराठी अंकांचं हे काम फार मागे आहे. म्हणून आज मला बोलायचं आहे ते मराठी अंकांविषयी, आणि तेही बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी या आपल्या पट्ट्यातल्या घराघरांत अजून पडून असलेल्या अंकांविषयी.

इंद्रजाल काढत होता टाइम्स ऑफ इंडिया समूह. अमेरिकेत ली फॉक यांनी १९३४ मध्ये जादूगार मांड्रेक आणि १९३६ मध्ये फँटम वर्तमानपत्रांतल्या चित्रपट्टीसाठी निर्माण केला. तोच फँटम मराठीत वेताळ होऊन आला आणि आपलाच झाला. त्याचं जंगल डेंकालीचं, त्याची कवटीची गुहा, त्याचा घोडा, त्याचा लांडगा. एकूण अंकांपैकी निम्म्याहून अधिक अंक एकट्या वेताळाचे आहेत. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर आणला, गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याची चित्रं काढली. भगवा कुडता आणि जीन्स घातलेला, डाकूंशी लढणारा हा आपल्या मातीतला नायक. ज्यांनी बालपणी बहादूर वाचला, त्यांना त्याची मैत्रीण बेलाही आठवत असेल.

आता 'दुर्मीळ' या गोष्टीविषयी थोडं. परदेशात कॉमिक्सची मर्यादित आवृत्ती काढतात. मुखपृष्ठ चमकतं, वर क्रमांक घातलेला असतो, एकाच अंकाला चार-पाच वेगवेगळी मुखपृष्ठं असतात. लोक ती न उघडता कपाटात ठेवतात. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक निघाला. तो काळ्या पिशवीत बंद करून विकला, आत दंडाला बांधायची काळी पट्टीही होती. पुढे याला मोठी किंमत येईल म्हणून लोकांनी दोन-दोन, चार-चार प्रती घेऊन ठेवल्या. लाखो प्रती खपल्या, सगळ्यांनी जपल्या, म्हणून आजही त्या सहज मिळतात. याच्या उलट १९३८ च्या जून महिन्याचा 'ॲक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा दिसला. तो दहा सेंटला मिळायचा. पोरांनी वाचला, फाडला, टाकला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यात असे कितीतरी अंक गेले. उरलेल्यांपैकी एक प्रत २०२४ च्या एप्रिलमध्ये ६० लाख डॉलरला विकली गेली.

दुर्मीळ ठरवून छापलेली वस्तू आणि लोकांच्या हातून झिजत दुर्मीळ झालेली वस्तू यांत मला दुसरीच खरी वाटते. आपला मराठी वेताळ या दुसऱ्या जातीचा आहे. एक अंक घरातली तीन भावंडं वाचायची, मग तो शेजारी जायचा, मग शाळेत बाकाखालून फिरायचा. कित्येक अंक भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानांतून हिंडले. इंग्रजी अंक ज्या घरांत जात होते तिथं पुस्तकाचं कपाट असायचं. मराठी अंक जिथं जात होते तिथं बऱ्याचदा एक ट्रंक असायची आणि तिच्यावर कुणीतरी झोपायचं. वाचनालयांनी कादंबऱ्यांना कापडी बांधणी केली, मासिकांच्या फायली ठेवल्या, पण कॉमिक्स म्हणजे पोराटोरांचा चाळा, तो कशाला नोंदवायचा, अशीच समजूत होती. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचं आहे. एवढी जुनी ग्रंथपरंपरा असलेल्या गावातही वेताळ टिकला तो वाचनालयांमुळं नव्हे, घरच्या माळ्यांमुळं.

सीमाभागाचं वेगळेपण इथंच आहे. १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता, नंतर तो म्हैसूर राज्यात गेला. पण लोकांच्या घरातलं वाचन एका दिवसात बदलत नाही. निपाणी कोल्हापूर आणि बेळगावच्या मधे हमरस्त्यावर. वरून मराठी नियतकालिकं यायची, खालून कन्नड. स्टँडवरच्या एकाच स्टॉलवर दोन्ही दोरीला टांगलेली असायची. इंद्रजाल कन्नडमध्येही निघत होतं. त्यामुळं आपल्याकडच्या जुन्या गठ्ठ्यांत असं काही सापडतं जे पुण्या-मुंबईच्या गठ्ठ्यांत सापडणं कठीण आहे. मराठी वेताळाच्या खाली कन्नड वेताळ, आणि दोन्हींवर एकाच मुलाचं नाव.

'चांदोबा'चंही तसंच. मद्रासला बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये हे मासिक सुरू केलं. कन्नड आवृत्ती १९४९ मध्ये आली, मराठी 'चांदोबा' १९५२ मध्ये. चित्रं सगळ्या भाषांत तीच. शंकर यांनी काढलेला तो विक्रम राजा, हातात तलवार, खांद्यावर प्रेत, मागं स्मशान. मराठी वाचणाऱ्या मुलानं आणि कन्नड वाचणाऱ्या मुलानं तेच चित्र पाहिलं, तेही एकाच गल्लीत. चांदोबात दर महिन्याला दोन फोटो देऊन त्यांना शीर्षक सुचवायची स्पर्धा असे, आणि बक्षीस मिळालेल्याचं नाव-गाव छापत. जुना अंक हाती आला की मी आधी ते पान उघडतो. आपल्या भागातल्या एखाद्या गावाचं नाव तिथं दिसलं तर तो अंक माझ्या दृष्टीनं कितीही फाटका असला तरी मोलाचा.

अमर चित्र कथेविषयी एक गोष्ट इथल्या शोधकांनी नीट ध्यानात ठेवावी. अनंत पै मूळचे कर्नाटकातल्या कार्कळचे, आणि १९६७ पासूनची त्यांची मालिका इंग्रजीत सुरू झाली ती 'कृष्ण' या पुस्तकानं. पण त्या पुस्तकाचा क्रमांक आहे ११. पहिले दहा कुठं गेले? ते बंगळूरला कन्नडमध्ये निघाले होते, १९६५ च्या सुमाराला, जी. के. अनंतराम यांच्या पुढाकारानं. सिंड्रेला, अल्लादीन, पिनोकिओ अशा परदेशी गोष्टी होत्या त्या. ते दहा अंक आज फार थोड्यांनी पाहिले आहेत. ते एखाद्या ठिकाणी मिळायचेच असतील तर बेळगाव, गोकाक, धारवाडकडच्या जुन्या घरांत मिळतील. मराठी माणसानं कन्नड गठ्ठा पाहून "हे आपलं नाही" म्हणत बाजूला सारू नये, एवढंच माझं सांगणं.

या चित्रकथांत मराठी हात किती आहेत ते बघा. 'कृष्ण'ची चित्रं राम वाईरकरांची. पुढं सुप्पंडी हे गमतीदार पात्रही त्यांनीच काढलं. पुण्याचे प्रताप मुळीक यांनी अमर चित्र कथेची कितीतरी पुस्तकं रंगवली आणि नंतर हिंदी कॉमिक्समधल्या नागराजलाही रूप दिलं. दिलीप कदम, वसंत हळबे, सी. एम. विटणकर ही आणखी नावं. चित्रकलेच्या आपल्या चर्चेत ही मंडळी क्वचित येतात. लाखो मुलांनी घोडा कसा उधळतो, तटबंदी कशी दिसते, हे यांच्या कुंचल्यातून पाहिलं. ही पुस्तकं जपणं म्हणजे या चित्रकारांचं काम जपणं आहे.

आता प्रत्यक्ष शोधाकडं येऊ. जुना अंक हातात आला की मुखपृष्ठाला भुलू नये. मधल्या पानाच्या पिना पाहाव्यात. बेळगावच्या पावसात पिना गंजतात आणि गंजाचा डाग दोन-तीन पानांत उतरतो. डाग आहे पण पिना चकचकीत आहेत, तर समजावं की अंक उसवून पुन्हा शिवला आहे, एखादं पान दुसऱ्या प्रतीचंही असेल. पाठीवर जाड दोऱ्याचे टाके आणि आत रबरी शिक्का असला की तो भाड्याच्या दुकानातला. संग्राहक अशा प्रतीला कमी लेखतात. मला ते पटत नाही. त्या शिक्क्यात दुकानाचं नाव असतं, गल्ली असते, कधी भाडंही असतं. कोणत्या गल्लीत कुठलं दुकान पोरांना पुस्तकं वाचायला देत होतं, याचा दुसरा लेखी पुरावा आपल्याकडं नाही.

घरात बांधून घेतलेले खंडही मिळतात. बाराएक अंक एकत्र, वर मजबूत पुठ्ठा. बाइंडरनं कडा कापताना बऱ्याचदा मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली असतात. जाहिराती नसलेला अंक अपुराच. पॉपिन्सच्या गोळ्यांसाठी चित्रकथेच्या रूपात येणारे राम आणि श्याम, गोल्ड स्पॉट, कॅमलिनचे रंग यांच्या त्या जाहिरातींतून त्या वेळचं मूल काय मागत होतं ते कळतं. निपाणीकडच्या घरांतून आलेल्या पानांना अजून तंबाखूचा वास येतो. ज्या माळ्यावर पुस्तकं, त्याच माळ्यावर तंबाखूचे गठ्ठे, असं चालायचं.

अमर चित्र कथेच्या अगदी सुरुवातीच्या छपाया पूर्ण रंगीत नव्हत्या. खर्च वाचवायला पिवळा, निळा आणि हिरवा एवढ्यावर भागवलं जाई. पुढच्या पुनर्मुद्रणांना ५०० च्या पुढचे क्रमांक दिले गेले. त्यामुळं तीच गोष्ट, तेच नाव, पण क्रमांक आणि रंग पाहून छपाई जुनी की नवी ते ओळखता येतं. इंद्रजालचेही सलग क्रमांक १९८० च्या दशकात बदलून वर्ष आणि अंक अशी पद्धत आली, तेव्हा यादी करताना घोटाळा होतो. आणि हल्ली रंगीत झेरॉक्सची मुखपृष्ठं चिकटवून प्रती विकल्या जातात, त्यापासून सावध राहा. भिंगातून पाहिलं तर जुन्या छपाईत रंगाचे ठिपके स्पष्ट, ओळीनं दिसतात, झेरॉक्समध्ये ते विस्कटलेले असतात.

किमतींविषयी फार बोलणार नाही. मागणी वाढली तसे भाव वाढले, आणि काही रद्दीवाले आता वजनावर देत नाहीत. "नगावर बोला की," म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. त्यांनी वेगळं काढलं नसतं तर ते अंक लगदा व्हायला गेले असते. माझी चिंता वेगळी आहे. पन्नास-साठच्या दशकांत जन्मलेली पिढी आता घरं बदलते आहे. टिळकवाडीतली, शहापुरातली, निपाणीच्या पेठेतली जुनी घरं पाडून इमारती उभ्या राहताहेत. माळा रिकामा करायला दोन दिवस मिळतात, टेंपो दारात उभा असतो. तेव्हा सगळ्यात आधी जातो तो पोरांच्या पुस्तकांचा गठ्ठा.

असे अंक वाचवताही येतात. बालभारतीनं १९७१ पासूनचे 'किशोर' मासिकाचे जुने अंक संगणकावर कुणालाही मोफत वाचता येतील असे ठेवले. ते शक्य झालं कारण अंक काढणारी संस्था जागेवर आहे आणि तिला त्याची किंमत कळली. मराठी इंद्रजालच्या मागे आज अशी संस्था उभी नाही. ते काम वाचकांनाच करावं लागेल. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी या गावांत लोक स्वतःच्या वर्गणीतून साहित्य संमेलनं भरवतात. तिथं ग्रंथविक्रीच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल ठेवता येईल. लोकांनी घरातले जुने अंक आणावेत, तिथं बसलेल्या मुलांनी मुखपृष्ठाचा आणि पहिल्या पानाचा फोटो घ्यावा, क्रमांक, तारीख, भाषा वहीत उतरवावी आणि अंक ज्याचा त्याला परत द्यावा. कुणाची मालकी जात नाही, खर्च जवळजवळ नाही. चार-पाच गावांत हे झालं तरी मराठी अंकांची यादी बरीच पुढं सरकेल.

तोवर ज्यांच्या घरी असे अंक आहेत त्यांना विनंती. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून कागद खाते. लॅमिनेशन तर मुळीच नको. गंजलेल्या पिना अलगद काढा, अंक आडवे ठेवा, उभे नकोत, आणि पावसाळ्यानंतर एकदा सावलीत वारा द्या. गठ्ठ्यात कन्नड अंक असतील तर तेही सोबत ठेवा. अंक नको असतील तर रद्दीत घालण्यापूर्वी गावातल्या वाचनालयात जाऊन विचारा, आणि त्यांनी नाही म्हटलं तर ते घेऊन जाणारा संग्राहक शोधा. तो तुमच्याच तालुक्यात कुठंतरी आहे, आणि तो असेच अंक शोधत फिरतो आहे.