हरळीचे मूळ

चेन्नईच्या अड्यार भागात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांनी १९५४ साली कर्करोग रुग्णालय सुरू केले. रक्ताच्या कर्करोगातून बरी होऊन तेथून घरी गेलेली मुले आहेत. आजार उलटल्याने परत आलेलीही आहेत. तो का उलटतो?

हरळी वरून कापली, तरी मूळ जमिनीत राहते. टोरांटोच्या संशोधकांना १९९४ साली रक्तकर्करोगाच्या एका प्रकारात असेच मूळ आढळले. सुमारे अडीच लाख पेशींत एखादीच पेशी उंदराच्या शरीरात रोग नव्याने रुजवू शकत होती.

इतके विरळ मूळ तपासावे कसे? येथे काचपात्रात वाढणाऱ्या पेशीवंशाचे मोल कळते. १९७० साली एका ५३ वर्षांच्या रुग्ण स्त्रीपासून मिळालेला ‘के-५६२’ हा पेशीवंश अजून वाढतो आहे. त्याच्या पेशी मूळपेशींसारख्या अपक्व राहतात. हेमिन घातले, की मात्र हिमोग्लोबिन बनवू लागतात. म्हणजे बिघडलेली पेशीही थोडीबहुत वळणावर येते.

काचपात्र म्हणजे रुग्ण नव्हे, हे खरेच. परंतु औषधाने नुसती पाती कापली, की मूळही उपटले, हा प्रश्न प्रथम तेथेच विचारता येतो. आणि परत आलेल्या त्या मुलांच्या दृष्टीने सारे काही त्याच्याच उत्तरावर अवलंबून आहे.