माती नासली तर पट्टा कशाचा?
(ग्रामसभांच्या बैठकीत केलेले भाषण)



भावांनो, बायांनो, आपण जमलो ते पट्ट्यांचे बोलायला. पण आज आम्ही आधी नागपूरच्या मातीचे बोलणार. तुम्ही म्हणाल, नागपूर कुठे अन् आपण कुठे?

तर ऐका. नाग नदी नागपुरातून शहराचे सांडपाणी घेऊन निघते. ती पिवळी नदीसंगे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. पुढे गोसीखुर्दचे धरण, अन् धरणाखाली वडसा, गडचिरोली. शहर जे सोडते ते आपल्या दारावरून जाते.

ही घाण दोन तऱ्हेची आहे. एक जंतूंची, मैल्यातून येणारी. त्याने हगवण लागते, टायफॉइड होतो. पण पाणी खळखळ उकळले की हे जंतू मरतात. मातीतलेही उन्हाने, काळाने कमी होतात.

दुसरी घाण जड धातूंची: शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा. ती बॅटऱ्यांतून, रंगांतून, धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांतून, कोळशाच्या राखेतून येते. उकळून ती जात नाही. पाणी आटते, शिसे तेवढेच राहते. एकदा मातीत बसले की पिढ्या जातात, ते जात नाही. पालेभाजी ते ओढून घेते. शिशाने लेकरांची बुद्धी खुंटते, कॅडमियमने मूत्रपिंड अन् हाडे जातात. जपानात मिनामाता गावी कारखान्याने समुद्रात सोडलेला पारा मासळीतून कोळ्यांच्या पोटात गेला. १९५६ साली तो रोग उघड झाला. मासळी तर आपणही खातो.

जुलै २०२२ मध्ये कोराडी वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध पावसात फुटला. राखेचा गाळ शेतांत, नदीत गेला. शेत शेतकऱ्याच्याच नावावर राहिले. पण सातबारा मातीतली राख काढून देत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे. उद्या कोणी फुकट राख नाहीतर कारखान्याचा गाळ शेतात टाकून देतो म्हणाला, तर ग्रामसभेत ठराव झाल्याशिवाय गाडी रिकामी होऊ देऊ नका. नेहमीच्या माती परीक्षणात शिसे, कॅडमियम पाहत नाहीत. ते तपासा म्हणून लेखी मागा अन् पोच घ्या. आपली जी पोरं मजुरीला नागपूरला जातात, त्यांना सांगा, नाल्याच्या पाण्यावरची भाजी धुतली तरी आतला धातू निघत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने जंगल अन् पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. पट्टा मिळाला म्हणजे लढाई संपली असे समजू नका. ज्या मातीसाठी पट्टा मागितला, ती जिवंत ठेवणे हेही आपलेच काम आहे.

जोहार!