बिलाचा उत्तरार्ध



जुन्या खानावळीत जेवणाचा हिशेब भिंतीवर टांगलेला असे. राइस प्लेटचा दर, जादा पोळीचा दर, जादा वाटीचा दर आणि त्याखाली उधारीविषयीचा एक कठोर सुविचार. भाषा रोखठोक होती, पण गिऱ्हाईक फसत नसे. आजच्या उपाहारगृहात भाषा मधाळ झाली आहे; हिशेब मात्र बडीशेपेच्या बशीखाली गेला आहे.

बिलाचा पूर्वार्ध ओळखीचा असतो. उत्तरार्धात अनोळखी पात्रे प्रवेश करतात. ‘पाणी साधे की बाटलीतले?’ या प्रश्नातला ‘साधे’ हा शब्द अशा स्वरात उच्चारला जातो की, समोर सासुरवाडीची मंडळी बसलेली असताना कोणताही जावई बाटलीच मागवतो. न मागता आलेला पापड सौजन्याचा वाटतो. बिलात तोही आपले नाव सांगतो.

यांतील मुख्य पात्र सेवाशुल्क. समजा, जेवण १००० रुपयांचे झाले. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क, म्हणजे १०० रुपये. मग ११०० रुपयांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ५५ रुपये. पाहुण्याने आपलाही पाहुणा बरोबर आणावा, तसा हा शुल्कावरचा कर! यांतला कर सरकारजमा होतो. सेवाशुल्क मालकाकडे राहते. वाढप्याच्या हाती त्यातले किती पडते, हे बिलावर लिहिलेले नसते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून हे शुल्क बिलात आपोआप लावण्यास मनाई केली. व्यावसायिकांच्या संघटना न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती मिळाली. पुढे २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना वैध ठरवल्या. संतुष्ट ग्राहकाने स्वखुशीने बक्षिसी द्यावी, याला कोणाचीच आडकाठी नाही.

तरीही चार माणसांत ‘हे कशाचे पैसे?’ असे विचारण्याची मध्यमवर्गीय गृहस्थाची जीभ रेटत नाही. बासुंदीची दुसरी वाटी मागणारी तीच जीभ येथे टाळूला चिकटते. म्हणून या रकमेचे खरे नाव सेवाशुल्क नव्हे, संकोचशुल्क होय. आणि ते ज्याचा खिसा लहान, त्यालाच अधिक जड जाते.

इटलीतही कित्येक भोजनगृहांत ‘कोपेर्तो’ नावाची माणशी आकारणी असते; परंतु ती पदार्थांच्या यादीवर छापलेली असते. दुखणे रकमेचे नाही, लपवाछपवीचे आहे. ग्रंथालयातही पुस्तक उशिरा आले की दंड पडतो. पण तो नियमावलीत आधीच नमूद असतो. म्हणून सभासद कुरकुरतो, दंड भरतो आणि त्याच पावली दुसरे पुस्तक घरी नेतो.