शिलालेखाविना राहिलेले पूर्वज

रेवदंड्याला येणारा पाहुणा आधी सातखणी मनोऱ्याकडे मान वर करून बघतो, मग तटावरून समुद्र न्याहाळतो. १५२१ नंतर पोर्तुगीजांनी इथं पाय रोवले आणि १७४० मध्ये ठाणं मराठ्यांकडे आलं. दगड, तोफा, चर्चचे पडके अवशेष, सगळं आहे. नाही ते फक्त एकच: जहाजांतून इथं आणलेल्या आफ्रिकी गुलामांची खूण.

वसई-चौलपासून गोव्यापर्यंत पोर्तुगीज वस्त्यांत असे गुलाम राबत होते. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून त्यांना आणलं जाई. पोर्तुगीजांच्या आधी अरब व्यापारी हाच धंदा करत. यांतल्या काही गुलामांनी नशीब पालटलं. इथिओपियातून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६२६ मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. रेवदंड्याच्या दक्षिणेला मुरूडजवळ खोकरी इथं जंजिऱ्याच्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या, सरदारांचे घुमट उभे आहेत.

पण घुमट सरदारांना मिळतो. जो कुणाच्या घरी पाणी भरता भरता मेला, त्याला कोण दगड लावणार?

त्याच्या वंशजांनी हाताने घडवलेल्या वस्तूंतून ती सोय केली. कर्नाटकात उत्तर कन्नडच्या यल्लापूर, हल्याळ, अंकोल्याच्या जंगलपट्टीत सिद्दी वस्त्या आहेत. गोव्यातून निसटलेल्या गुलामांनी या रानात आसरा घेतला, असं मानलं जातं. त्यांच्यातल्या हिंदू सिद्दींच्या घरात ‘हिरियारू’ म्हणजे वाडवडील नारळाच्या रूपात पुजले जातात. मूळपुरुषाचा नारळ जपणाऱ्या कोकणी माणसाला यात नवल वाटणार नाही. फरक एवढाच, की हे वाडवडील मूळचे समुद्रापलीकडचे. पोकळ खोडावर कातडं ताणून केलेला ‘डमाम’ हाही याच समाजाचा ढोल.

गुजरातेत भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरला बावा गोर यांचा दर्गा आहे. बावा गोर, बावा हबश आणि माई मिश्रा ही भावंडं आफ्रिकेतून आली, अशी तिथल्या सिद्दींची श्रद्धा. अकिकाच्या मण्यांच्या व्यापाराचे आद्यपुरुषही बावा गोरच मानले जातात. ‘धमाल’ हा त्यांचा नाच नाचताना ‘मुगरमान’ नावाचा उभा ढोल वाजतो आणि नारळाच्या करवंटीचा खुळखुळा हलतो. हा खुळखुळा माई मिश्राच्या नावाने ओळखला जातो.

सगळ्यांत जवळून बघण्यासारखं मात्र याच सिद्दींचं वाद्य ‘मलुंगा’. धनुष्यासारखा वाकवलेला दांडा, त्यावर ताणलेली एकच तार, आणि दांड्याला बांधलेला भोपळा. वादक बारीक काठीने तारेवर ठोके देतो, त्याच हातात खुळखुळा धरतो आणि भोपळा अंगाशी लावून-हलवून नाद बदलतो. ब्राझीलमध्ये अगदी असंच ‘बेरिंबाव’ वाजतं. तेही गुलामांनीच नेलेलं, पण अंगोलाच्या बाजूने. एकाच खंडातून दोन समुद्रांकडे माणसं विकली गेली, आणि दोन्हीकडे धनुष्य आणि भोपळा टिकला.

जगात आता गुलामगिरीच्या बळींची स्मारकं उभी राहतात. बेनिनमधल्या विदा इथल्या किनाऱ्यावर ‘परतीची वाट नसलेलं दार’ आहे. २३ ऑगस्टला युनेस्कोचा स्मृतिदिन पाळला जातो. सिद्दींच्या वस्तू त्या अर्थाने स्मारक नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. त्यांत शोकापेक्षा नवस, लग्न, उरूस आणि ताल जास्त आहे. पण पूर्वज कुठून आले हे त्या विसरू देत नाहीत, आणि हे काम कोरीव शिळेपेक्षा त्यांनी जास्त चोख केलं आहे.

उत्तर कन्नडच्या सिद्दी बायकांची गोधडी, ‘कवंदी’, हीसुद्धा अशाच वस्तूंपैकी. जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून आत शिवत जातात. चारही कोपऱ्यांना दुमडलेले तुकडे जोडतात. त्यांना ‘फुलं’ म्हणतात. ती नसतील तर कवंदी नागडी समजली जाते.

२००३ मध्ये उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. गुजरातेत मलुंगा वाजवणारे मात्र आता थोडेच उरलेत.